आकडेमोड एकच, विषय तीन: माध्यमिक वर्गांना शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

भौतिकशास्त्राच्या पेपरात एका मुलाने सूत्र बरोबर लिहिले, किमती बरोबर घातल्या आणि १२ ला ०.४ ने भागून उत्तर ३ काढले. अर्थशास्त्राच्या पेपरात त्यानेच २० टक्क्यांनी वाढून ६०० झालेल्या किमतीची मूळ किंमत ४८० लिहिली. दोन्ही शिक्षकांनी शेरा मारला, 'संकल्पना कच्ची'. खरे तर संकल्पना ठीक होती. कच्चा होता तो दशांशाचा भागाकार आणि टक्केवारीचा पाया. पण तो आपल्या विषयाचा भाग नाही, असे विज्ञानाच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांना वाटते, आणि गणिताच्या शिक्षकांना वाटते की हे तर मुले खालच्या वर्गात शिकून आली आहेत. त्यामुळे ते कोणीच शिकवत नाही.

वेग, घनता, संहती (द्रावणाची तीव्रता), दरडोई उत्पन्न, व्याज, लवचिकता या सगळ्यांखाली आकडेमोडीची मोजकीच कौशल्ये असतात. ती एकाच मांडणीने, एकाच शब्दांत, गणित, विज्ञान आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांची उदाहरणे शेजारी ठेवून शिकवली तर मुलांच्या डोक्यात एकच वाट पक्की होते. त्यासाठी रोज १०-१५ मिनिटे आणि सुमारे दहा आठवडे लागतात. तिन्ही विषय तुमच्याकडे नसले तरी सुरुवात एकट्याने करता येते.

पहिली पायरी: चाचणी घ्या, गुण देऊ नका

पहिल्या आठवड्यात खालची दहा उदाहरणे द्या. वेळ २५ मिनिटे, कॅल्क्युलेटर नाही. कच्चे काम त्याच कागदावर करायचे आणि खोडायचे नाही, हे आधीच सांगा. तुम्हाला उत्तरापेक्षा तेच जास्त उपयोगी पडणार आहे.

१) ३/४ + २/५
२) ०.६ × ०.३
३) १२ ÷ ०.४
४) −७ − (−३)
५) ८० चे १५ टक्के
६) एक संख्या २० टक्क्यांनी वाढून ६०० झाली. मूळ संख्या किती?
७) ३ तास २० मिनिटे म्हणजे दशांशात किती तास?
८) १ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर?
९) अंतिम वेग = आरंभिक वेग + त्वरण × काळ. यावरून काळ काढायचे सूत्र लिहा.
१०) ४.२ × (१० चा उणे ३ रा घात) साध्या दशांशात लिहा.

बरोबर उत्तरे क्रमाने: २३/२०, ०.१८, ३०, −४, १२, ५००, ३.३३, १०,०००, (अंतिम वेग − आरंभिक वेग) ÷ त्वरण, ०.००४२.

आता चुकीची उत्तरे वाचा. पहिल्यात ५/९ आले असेल तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. दुसऱ्यात १.८ आले तर 'सहा त्रिक अठरा' झाल्यावर दशांश चिन्ह अंदाजाने ठेवले. सातव्यात ३.२ म्हणजे २० मिनिटे हा तासाचा तिसरा भाग आहे हे सुटले. आठव्यात १०० हे उत्तर बहुतेक सगळ्या वर्गांत पुष्कळ जणांचे असते. नवव्यात 'अंतिम वेग ÷ त्वरण − आरंभिक वेग' लिहिणाऱ्याला पदे हलवायची असतात हे ठाऊक आहे, कोणते आधी हलवायचे ते ठाऊक नाही.

एका मोठ्या कागदावर तक्ता करा: डावीकडे मुलांची नावे, वर प्रश्नांचे क्रमांक. चौकटीत बरोबर-चूक अशी खूण करू नका, चुकलेले उत्तर जसेच्या तसे लिहा. एका उभ्या रकान्यात वर्गातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांची चूक असेल तर तो भाग सगळ्यांना शिकवा. त्याहून कमी असेल तर तेवढ्याच मुलांना वेगळे बसवा. एकूण गुणांची बेरीज करू नका. दहापैकी सहा मिळवणाऱ्या दोन मुलांच्या गरजा अगदी वेगळ्या असू शकतात.

कच्च्या कामात आणखी एक गोष्ट दिसेल: ५ × ४ = २० + ६ = २६ अशी साखळी. इथे मूल बरोबर चिन्हाचा अर्थ 'आता पुढे' असा घेत आहे. हे चालवून घेतले तर समीकरणांच्या पायरीला सगळे अडकते, कारण तिथे बरोबर चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहून घ्या.

दुसरी पायरी: तिन्ही विषयांत एकच मांडणी

पाच ओळींची मांडणी ठरवा आणि कधी मोडू नका: दिलेले, काढायचे, अंदाज, रीत, ताळा. रसायनशास्त्रातले एक उदाहरण असे दिसेल. ११.७ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून ५०० मिलिलिटर द्रावण केले, तर संहती किती?

दिलेले: मीठ ११.७ ग्रॅम. मिठाचे मोलर वस्तुमान (एका मोलचे वस्तुमान; मोल हे कणांच्या मोजणीचे एकक) ५८.५ ग्रॅम प्रति मोल. द्रावण ५०० मिलिलिटर = ०.५ लिटर.
काढायचे: संहती, मोल प्रति लिटरमध्ये.
अंदाज: ६० चा पाचवा भाग १२, म्हणजे मीठ सुमारे ०.२ मोल. अर्ध्या लिटरात ०.२ तर एका लिटरात सुमारे ०.४.
रीत: ११.७ ÷ ५८.५ = ०.२ मोल
०.२ ÷ ०.५ = ०.४ मोल प्रति लिटर
ताळा: ०.४ × ०.५ × ५८.५ = ११.७ ग्रॅम. जुळले.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ०.२ ला ५०० ने भागणे. उत्तर ०.०००४ येते, आणि मूल ते निर्धास्तपणे अधोरेखित करते. अंदाजाची ओळ असेल तर हजारपटीची तफावत त्याला स्वतःलाच दिसते. एकके 'दिलेले' या ओळीतच बदलून घ्यायची, रीतीच्या मधोमध नाही. एवढ्या एका सवयीने विज्ञानातल्या बऱ्याच गफलती टळतात.

उलट क्रियेने ताळा पाहणे सर्वांत भरवशाचे. तेच उदाहरण त्याच रीतीने पुन्हा करणे हा ताळा नव्हे, कारण मूल तीच चूक तितक्याच सफाईने पुन्हा करते.

तिसरी पायरी: अंदाज

प्रत्येक संख्या एका सार्थ अंकापर्यंत (डावीकडून शून्य नसलेला पहिला अंक) आणायची आणि मग तोंडी हिशोब करायचा. ४८.७ × ०.५२ म्हणजे जवळपास ५० × ०.५, म्हणजे २५. नेमके उत्तर २५.३२४ आहे. २.५ किंवा २५३ आले तर दशांश चिन्ह घसरले.

अडचण अशी की बरीच मुले आधी नेमके उत्तर काढतात आणि मग त्यालाच गोल करून अंदाज म्हणून लिहितात. त्यावर उपाय म्हणजे पेन खाली ठेवायला लावणे. फळ्यावर पाच उदाहरणे लिहा, प्रत्येकाला १० सेकंद द्या आणि उत्तर तोंडी घ्या. आठवड्यातून तीनदा, पाच मिनिटे पुरतात.

दुसरी अडचण खोलवरची आहे. गुणले की वाढते आणि भागले की घटते, हा समज पूर्ण संख्यांच्या दिवसांपासून मुरलेला असतो. म्हणून १२ ÷ ०.४ चे उत्तर १२ पेक्षा मोठे येते हे मुलांना पटत नाही. नियम सांगण्याआधी प्रश्न बदला: १२ मध्ये ०.४ किती वेळा मावतात? एकात अडीच वेळा, म्हणून बारात तीस वेळा. हे चित्र पटले की मग दोन्हींना १० ने गुणून १२० ÷ ४ करायला शिकवा.

अंदाजाला टेकू म्हणून काही मोजमापे पाठ असावीत. चालण्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, हवेची सुमारे १.२ किलोग्रॅम प्रति घन मीटर. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल. धावणाऱ्या मुलाचा वेग सेकंदाला ७० मीटर आला, तर मुलाने स्वतःहून थांबायला हवे.

चौथी पायरी: 'दर' हा एकच धागा

या पायरीला भरपूर वेळ द्या. मराठीने आपले काम इथे सोपे करून ठेवले आहे. 'दर' या शब्दाचा अर्थ 'प्रत्येक' असाही होतो आणि 'भाव' असाही होतो: दरडोई, दरमहा, दर तासाला, दर किलोला, व्याजाच्या गणितातले द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. मुलांना विचारा, 'एकामागे किती?' पुढची सगळी सूत्रे या प्रश्नाची उत्तरे आहेत.

वेग म्हणजे दर सेकंदाला किती मीटर. घनता म्हणजे दर घन सेंटीमीटरमागे किती ग्रॅम. विद्युतधारा म्हणजे दर सेकंदाला किती प्रभार वाहिला. शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती कार्य झाले. संहती म्हणजे दर लिटरमागे किती मोल. दरडोई उत्पन्न तर नावातच सांगते. सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग करायला किती जादा खर्च. फळ्यावर ही यादी मुलांकडूनच वाढवून घ्या.

मग दाखवा की उदाहरणे तीनच प्रकारची असतात. एकूण आणि संख्या दिली असेल तर भागून दर. दर आणि संख्या दिली तर गुणून एकूण. एकूण आणि दर दिला तर भागून संख्या. त्यासाठी दोन ओळींचा कोठा काढायची सवय लावा. वर ग्रॅम आणि खाली घन सेंटीमीटर, किंवा वर किलोमीटर आणि खाली तास. एका रकान्यात जेवढ्या पटीने वरचा आकडा बदलेल, तेवढ्याच पटीने खालचा. ५४ ग्रॅमला २० घन सेंटीमीटर, तर २७ ला १०, आणि २.७ ला १. ही घनता ॲल्युमिनियमची.

तिरकस गुणाकार मुलांना आधीपासून येत असतो, आणि तोच इथला मोठा धोका आहे. चार आकडे दिसले की ते आडवेतिडवे गुणतात. ६ माणसांना १० दिवस लागतात तर ४ माणसांना किती, याचे उत्तर मग ६.६७ दिवस येते: माणसे कमी आणि कामही लवकर! म्हणून आकडेमोडीआधी एक प्रश्न सक्तीचा करा. एक वाढले तर दुसरे वाढेल, घटेल, की दोन्हींपैकी काहीच ठरावीक पटीत होणार नाही?

वाढले तर सम प्रमाण, घटले तर व्यस्त प्रमाण हे ठरण्याची शक्यता असते, पण पट जुळते का तेही पाहावे लागते. माणसांच्या उदाहरणात गुणाकार कायम राहतो: ६ × १० = ६०, म्हणून ६० ÷ ४ = १५ दिवस. ठरावीक तापमानाला बंदिस्त वायूचा दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते, तेही असेच.

तिसरा प्रकार पुस्तकांत कमी येतो, म्हणून मुद्दाम द्या. १०० नग करायला ५,००० खर्च येतो आणि त्यात २,००० स्थिर खर्च आहे. २०० नगांना १०,००० लागणार नाहीत. बदलता खर्च ३,००० चा ६,००० होईल आणि एकूण ८,०००. तापमानाचेही तसेच. ठरावीक दाबाखाली वायू २७ अंश सेल्सिअसवरून ५४ अंशांवर नेला तर आकारमान दुप्पट होत नाही. केल्विनमध्ये हा बदल ३०० वरून ३२७, म्हणजे फक्त ९ टक्के वाढ. अर्थशास्त्रातला स्थिर खर्च आणि सेल्सिअसचे शून्य यांत चूक एकच आहे: ज्या मोजणीची सुरुवात खऱ्या शून्यापासून होत नाही, तिथे पट लावली. दोन्ही उदाहरणे एकाच तासाला शेजारी लिहिली तर ती चांगली लक्षात राहतात.

पाचवी पायरी: टक्केवारी म्हणजे गुणक

आधी टक्के काढायचे आणि मग मिळवायचे, ही दोन पायऱ्यांची रीत मुलांकडे असते. तिच्याजागी गुणक आणा. २० टक्के वाढ म्हणजे १.२ ने गुणणे, २० टक्के घट म्हणजे ०.८ ने, साडेतीन टक्के वाढ म्हणजे १.०३५ ने. (इथे १.३५ लिहिणारे हमखास निघतात.) चाचणीतला सहावा प्रश्न आता एका ओळीचा होतो: मूळ × १.२ = ६००, म्हणून मूळ = ५००. ४८० म्हणणाऱ्याने ६०० चे २० टक्के वजा केले, म्हणजे पाया (ज्या संख्येचे टक्के काढायचे ती) बदलला.

प्रत्येक टक्क्यासमोर 'कशाचे?' हा शब्द लिहायला लावा. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट मिळून १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे ४ टक्के घट. कारण दुसरे २० टक्के मोठ्या पायाचे आहेत. प्रयोगशाळेतही हाच प्रश्न लागतो. गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी ९.५ मोजले तर चूक ०.३ ÷ ९.८, सुमारे ३.१ टक्के. पाया मान्य किंमत असते, आपण मोजलेली नाही.

बेरोजगारी ५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेली, तर ती २ टक्के बिंदूंनी वाढली. टक्क्यांत सांगायचे तर ४० टक्क्यांनी. मुले दोन्हीला '२ टक्के' म्हणतात. बातम्यांतही हा घोळ दिसतो, म्हणून हा फरक शिकवायला एक अख्खा तास गेला तरी चालेल.

पुढची पायरी पुन:पुन्हा गुणण्याची. मुद्दल १०,०००, दर ८, मुदत ३ वर्षे. सरळव्याजाने रास १२,४००. चक्रवाढीने १०,००० × १.०८ × १.०८ × १.०८ = १२,५९७. आता तीच कल्पना विज्ञानात न्या: कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे, म्हणजे दर ५,७३० वर्षांनी गुणक ०.५. तीन अर्धायुष्यांनंतर ०.५ × ०.५ × ०.५ = ०.१२५, म्हणजे साडेबारा टक्के उरले. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारे जिवाणू ३ तासांत ९ वेळा दुप्पट होतात, म्हणजे ५१२ पट. अर्धायुष्याच्या उदाहरणात 'दोन अर्धायुष्यांत सगळे संपले' असे लिहिणारे मूल मनात सरळव्याज करत असते. त्याला चक्रवाढ आणि सरळव्याज यांतला फरक पुन्हा दाखवा, किरणोत्साराचा धडा पुन्हा वाचून घेण्याची गरज नाही.

रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे ७२ ÷ दर या ठोकताळ्याने चटकन मिळतात. ८ टक्क्यांना ९ वर्षे, आणि १.०८ चा ९ वा घात खरोखरच जवळपास २ आहे. अंदाजाच्या ओळीला हा उत्तम.

महागाई वजा करण्यातही गुणकच हवा. उत्पन्न ८ टक्के आणि किमती ५ टक्के वाढल्या तर वास्तव वाढ १.०८ ÷ १.०५, सुमारे २.९ टक्के. वजाबाकीने ३ येते आणि फरक किरकोळ वाटतो. उत्पन्न ८० आणि किमती ५० टक्के वाढल्या असे उदाहरण द्या. १.८ ÷ १.५ = १.२, म्हणजे वाढ २० टक्के. वजाबाकीने ३० आले असते.

मागणीची लवचिकता (मागणीतला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल) शिकवताना पाया पुन्हा आडवा येतो. किंमत ५० वरून ६० झाली आणि मागणी २०० वरून १७० वर आली, तर १५ ÷ २० = ०.७५, चिन्ह सोडून. किंमत ६० वरून ५० वर परत आली तर मात्र बदल १६.७ टक्के, मागणीची वाढ १७.६ टक्के आणि उत्तर सुमारे १.०६. मुलांना वाटते आपण चुकलो. चूक नाही, पाया बदलला. मध्यबिंदू (आधीच्या आणि नंतरच्या आकड्याची सरासरी) पाया धरायची रीत नेमकी यासाठीच आहे, आणि हा घोळ दाखवल्यावरच ती शिकवावी.

सहावी पायरी: एकके आणि दहाचे घात

एककांनाही संख्यांसारखे छेदता येते हे दाखवा. ताशी ७२ किलोमीटर = ७२ × १००० मीटर ÷ ३६०० सेकंद = २० मीटर प्रति सेकंद. ५/१८ ने गुणायची युक्ती मुलांना माहीत असते, पण उलट बाजूने जाताना ५/१८ की १८/५ यात ती गोंधळतात. आधी विचारा: एका तासात जाते ते अंतर जास्त, की एका सेकंदात?

चौरस आणि घन एककांसाठी चित्र काढल्याशिवाय गत्यंतर नाही. १ मीटर बाजूचा चौरस, त्यात १०० ओळी, प्रत्येक ओळीत १०० घरे: १०,०००. घनासाठी १० लाख. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोग्रॅम प्रति घन मीटर हे यातूनच पटते: १० लाख ग्रॅम म्हणजे १,००० किलोग्रॅम.

एककांचे महत्त्व सांगायला खऱ्या घटना आहेत. १९८३ मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते आणि टाक्यांत ७,६८२ लिटर होते. लिटरचे किलोग्रॅम करायला ०.८०३ ने गुणायचे होते. हिशोबात १.७७ वापरले गेले, जो लिटरचे पाउंड करायचा आकडा. हे उदाहरण मुलांना दोन्ही गुणकांनी सोडवायला द्या. योग्य गुणकाने सुमारे २०,१०० लिटर भरायला हवे होते. चुकीच्या गुणकाने सुमारे ४,९०० निघतात. विमानाचे इंधन हवेतच संपले आणि वैमानिकांनी ते तरंगवत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. १९९९ मध्ये मंगळापाशी पोहोचलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यानही एका बाजूने पाउंड-बल आणि दुसऱ्या बाजूने न्यूटन वापरल्याने गमावले.

दहाच्या घातांत सर्वांत सोपे आणि समाधान देणारे उदाहरण सूर्यप्रकाशाचे. अंतर १.५ × (१० चा ११ वा घात) मीटर, वेग ३ × (१० चा ८ वा घात) मीटर प्रति सेकंद. १.५ ÷ ३ = ०.५ वेगळे करा, ११ − ८ = ३ वेगळे करा. ०.५ × १००० = ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. ८.३३ मिनिटे म्हणजे ८ मिनिटे ३३ सेकंद असे लिहिणारे इथे सापडतात. चाचणीतला सातवा प्रश्न तोच होता.

अर्थशास्त्राच्या आकडेवारीत लाख-कोटी आणि दशलक्ष-अब्ज शेजारी येतात. १ दशलक्ष = १० लाख, १ अब्ज = १०० कोटी, १ लाख कोटी = १० चा १२ वा घात. राष्ट्रीय उत्पन्न ४.८ लाख कोटी आणि लोकसंख्या ६ कोटी असेल तर शून्ये मोजत बसू नका. ४.८ ÷ ६ = ०.८, १२ − ७ = ५, म्हणून दरडोई ८०,०००.

गोल करणे शेवटच्या ओळीत एकदाच. ६०० चा तिसरा भाग काढताना १/३ ऐवजी ०.३ धरले तर २०० चे १८० होतात, म्हणजे १० टक्के चूक. आणि १७ ग्रॅम ÷ ६.३ घन सेंटीमीटरचे २.६९८४१२७ असे उत्तर लिहू देऊ नका. मोजमाप दोन सार्थ अंकांचे आहे, उत्तरही २.७.

सातवी पायरी: सूत्र फिरवणे

तीन राशींचा त्रिकोण काढून एक झाकायची युक्ती शिकवू नये असे आमचे ठाम मत आहे. अंतर, वेग, काळ किंवा विभवांतर, धारा, रोध इथे ती चालते आणि म्हणून मुले तिला घट्ट धरतात. बेरीज असलेले सूत्र आले की त्रिकोणात बसत नाही आणि हातात काहीच उरत नाही.

त्याऐवजी वेष्टने काढायची कल्पना द्या. 'आरंभिक वेग + त्वरण × काळ' यात काळाला आधी त्वरणाने गुणले, मग आरंभिक वेग मिळवला. सोडवताना उलट: शेवटचे वेष्टन आधी. दोन्ही बाजूंतून आरंभिक वेग वजा करा, मग दोन्ही बाजूंना त्वरणाने भागा. कच्च्या मुलांना आधी आकडे घालू द्या: २६ = ६ + ४ × काळ, २० = ४ × काळ, काळ ५ सेकंद. तीन-चार दिवस आकड्यांनी झाले की तेच शब्दांनी करून घ्या. 'इकडचे तिकडे नेले की चिन्ह बदलते' हे वाक्य वर्गात वापरू नका; गुणाकारातले पद हलवतानाही मुले उणे चिन्ह लावू लागतात.

हेच बाजाराच्या समतोलाला लागू करा. मागणी = १२० − २ × किंमत, पुरवठा = २० + ३ × किंमत. दोन्ही समान, म्हणून १०० = ५ × किंमत; किंमत २०, नग ८०. ताळा दोन्ही समीकरणांत घालून.

सरासरी, आलेख, कॅल्क्युलेटर

भारित सरासरीसाठी एकच जोडी पुरते. क्लोरीनचे सुमारे ७५ टक्के अणू ३५ वस्तुमानांकाचे आणि २५ टक्के ३७ चे: ३५ × ०.७५ + ३७ × ०.२५ = ३५.५. किंमत निर्देशांकात अन्नाचा भार ४० टक्के व वाढ १०, घरभाड्याचा भार २५ व वाढ ४, बाकीचा भार ३५ व वाढ २: ४ + १ + ०.७ = ५.७ टक्के. मुले १०, ४ आणि २ यांची बेरीज करून ३ ने भागतात. त्यांना विचारा, क्लोरीनचे वस्तुमान ३६ का नाही?

आलेखाचा चढ म्हणजे पुन्हा दर. त्याचे एकक उभ्या अक्षाचे एकक भागिले आडव्याचे. ते लिहायला लावले की चढ कशाचा हे मूल स्वतः सांगते. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घेण्याची प्रथा आहे. गणितात शिकलेल्या सवयीच्या ती उलट आहे, हे मुलांना आधीच सांगून टाका. अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही पाहायला लावा.

कॅल्क्युलेटर चौथ्या आठवड्यानंतर आणि अंदाज लिहिल्यावरच. तीन चाचण्या करून घ्या. साइन ३० दाबल्यावर ०.५ यायला हवे, −०.९८८ आले तर यंत्र अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे. ३ चा वर्ग उणे चिन्हासह दाबताना कंस न दिल्यास बहुतेक यंत्रांवर −९ येते. आणि दहाच्या घाताची (EXP) कळ दाबताना '× १०' वेगळे दाबले तर उत्तर दहापट होते.

दहा आठवड्यांची आखणी

पहिल्या आठवड्यात चाचणी आणि मांडणी. दुसरा-तिसरा अपूर्णांक, दशांश, अंदाज. चौथा-पाचवा दर. सहावा-सातवा टक्केवारी. आठवा एकके आणि घात. नवव्यात सूत्रे आणि सरासरी. दहाव्यात फेरचाचणी.

नवा प्रकार सुरू करताना दोन उदाहरणे पूर्ण सोडवून दाखवा. तिसऱ्यात रीत आणि ताळा मुलांनी भरायचा, चौथ्यात फक्त 'दिलेले' तुम्ही लिहायचे, पाचवे पूर्ण त्यांचे. तिसऱ्या आठवड्यापासून रोजच्या सहा उदाहरणांत दोन आजची, दोन गेल्या आठवड्यातली, दोन त्याआधीची द्या आणि विषय मिसळा. मिसळल्यावर मुलांचे गुण सुरुवातीला घसरतात, कारण आता कोणती रीत लावायची हेही त्यांनाच ओळखावे लागते. घाबरून पुन्हा एका प्रकारची वीस उदाहरणे देऊ नका. आठवड्यातून एकदा चुकीचे सोडवलेले उदाहरण फळ्यावर लिहा आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते शोधायला लावा.

पाच गुणांच्या उदाहरणात अंदाजाला १, रीतीला २, एककासह उत्तराला १ आणि ताळ्याला १ गुण ठेवा. आधीच्या ओळीतली चूक पुढे गेली असेल तर तिचा दंड एकदाच करा. इतर विषयांच्या शिक्षकांशी एक पानभर करार करता आला तर उत्तम: पाच ओळींची मांडणी, 'दर', 'पाया', 'गुणक' हे शब्द, आणि किती सार्थ अंक ठेवायचे.

दहाव्या आठवड्यात त्याच दहा प्रकारांचे, आकडे बदललेले प्रश्न द्या आणि जुना तक्ता शेजारी ठेवा. जो रकाना हललेला नाही, त्यातली चुकीची उत्तरे पुन्हा वाचा. उत्तर तेच असेल तर समज तोच आहे, आणि त्या मुलाला शेजारी बसवून मोठ्याने सोडवायला सांगा. उत्तर बदलले पण अजून चुकीचे असेल, तर जुना समज सुटला आहे. त्याला चार-पाच अर्धवट सोडवलेली उदाहरणे द्या आणि दोन आठवड्यांनी तेवढाच प्रश्न पुन्हा विचारा.